बांध, उघाडी आणि जोळ

बेलापूरला पाहुणे आले की त्यांना किल्ला जंक्शनचा बुरूज दाखवतात. सिद्दी, पोर्तुगीज, चिमाजी अप्पा, मग कंपनी सरकार, एवढं सांगून झालं की नवी मुंबईचा इतिहास आटोपतो आणि मंडळी पाम बीच रस्त्यावर फोटो काढायला निघतात. बुरुजाशी माझं वैर नाही. पण खाडीकाठच्या माझ्यासारख्या आगऱ्याला विचाराल, तर इथली सगळ्यात मोठी वास्तू चिखलाची होती, आणि ती एका राजाने नाही, गावांनी बांधली.

ती म्हणजे खारबंदिस्ती. खाडीच्या बाजूला बाहेरकाठा, म्हणजे उधाण अडवणारा मोठा मातीचा बांध. आत शेताशेतांचे छोटे बांध. आणि बाहेरकाठ्याच्या पोटात उघाडी. तिच्या तोंडावर बाहेरून लाकडी झडप. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच ती मिटते. ओहोटी लागली की आत साचलेलं पावसाचं पाणी तिला ढकलून खाडीत जातं. माणूस लागतो तो एवढंच बघायला, की झडपेत ओंडका, काटकी अडकली नाही ना. एक काटकी अडकली तरी रातोरात शेतात खाडी.

आत पिकायचा तो रता. लालसर तांदूळ, थोडा खार सोसणारा. त्याच्या भाकरीची चव ज्याला ठाऊक त्याला पांढरी भाकरी आजाऱ्याची वाटते. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राशी काळा रता १-२४, भुरा रता ४-१० अशा वाणांचं नाव जोडलेलं आहे. आकड्यांमुळे ते वाण प्रयोगशाळेत जन्मल्यासारखे वाटतात, पण मूळ बी आमच्याच कणग्यांतलं. उघाडीच्या तोंडाशी जिताडा आणि कोळंबी मिळायची ती वेगळी.

बांधाला खांड पडली की मात्र सगळं थांबायचं. आजी म्हणायची, “खारा पानी शिरला का शेत तीन वरसां गेला.” खरंच होतं ते, दोन-तीन पावसाळ्यांनी धुतल्याशिवाय जमीन पिकावर येत नाही. म्हणून जोळ. हाक आली की घरटी एक माणूस फावडं-घमेलं घेऊन बांधावर, मग ती मध्यरात्र असो की लग्नाची हळद. स्वतःचं शेत खांडीपासून लांब आहे ही सबब चालत नसे, कारण पाणी सातबारा वाचत नाही. ओहोटीच्या पाच-सहा तासांत खांड बुजवायची, नाहीतर पुढची भरती ती दुप्पट रुंद करणार.

ही रीत गोड गोड समजू नका. पेण-अलिबागकडे बंदिस्तीवर शिलोत्री बसलेले होते. बाहेरकाठा राखायची जबाबदारी त्यांची, आणि त्याबद्दल कुळाकडून बिघ्यामागे भाताचा मण. मण वेळेवर जायचा. बांध वेळेवर होईलच असं नाही. वर सारा वसूल करणारे खोत. अलिबागजवळच्या चरी गावात १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली कुळांनी खोतांविरुद्ध जमीन कसणंच थांबवलं, ते १९३९ पर्यंत. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक मांडलं आणि १९४९ साली खोती रद्द करणारा कायदा झाला. बांधांसाठी आधीच, १९४८ साली, खार जमिनींचा कायदा आला होता. बांध हळूहळू सरकारी झाले, जोळीची हाकही विरत गेली.

विलायतेत परगण्या-परगण्याचे इतिहास लिहायची जुनी रीत आहे: चर्च, जहागीरदारांचे वाडे, थडग्यांवरचे लेख. पण केंट परगण्यातल्या रॉमनी मार्श या दलदलीच्या प्रदेशात इतिहासकारांना बांधाकडेही बघावं लागतं. तिथे बंदिस्ती राखणाऱ्या चोवीस पंचांच्या जुन्या रिवाजाला तिसऱ्या हेन्रीने १२५२ साली सनद दिली. आमच्या जोळीला सनद कुणी दिली नाही. कॅम्पबेलसाहेबाने ठाण्याचं गॅझेटियर १८८२ला काढलं, कुलाब्याचं १८८३ला. त्यांत बंदिस्तीची नोंद आहे, पण महसुलाच्या नजरेने. कोणाच्या कमरेपर्यंत चिखल लागला, ते सारावसुलीत येत नाही.

१७ मार्च १९७० रोजी नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणकडची ९५ गावं शहराच्या नकाशात गेली. शेतं आणि मिठागरं संपादित झाली. जमिनीच्या भावासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला जासई-पागोट्याच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड त्या लढ्यातून आले. सातबाऱ्यावरचं क्षेत्र मोजलं गेलं. बांधाला वाहिलेले पिढ्यान् पिढ्यांचे दिवस कोणत्या रकान्यात लिहिणार?

गंमत अशी की शहर वसवताना अभियंत्यांपुढे तोच प्रश्न आला, जो आमच्या खापरपणज्यापुढे होता. जमीन उधाणाच्या पातळीखाली. त्यांनी हॉलंडच्या धर्तीवर धारण तलाव केले: भरतीच्या वेळी पावसाचं पाणी तलावात थांबवायचं, ओहोटीला झडपांतून खाडीत सोडायचं. वाशी-नेरुळच्या नकाशात हे निळे ठिपके दिसतात. विमानतळासाठी तर उलव्याची टेकडी कापली, नदीचं पात्र वळवलं आणि भराव घातला, तेव्हा कुठे धावपट्टी पाण्याच्या वर आली.

आता या तलावांत गाळ साचला आहे आणि गाळावर कांदळवन उगवलं आहे. कांदळवनाला न्यायालयाचं संरक्षण. ते असायलाच हवं, खाडीकाठी दुसरं कोण उभं राहणार? पण त्यामुळे गाळ काढायचा म्हटलं की महापालिकेला आधी न्यायालयाची परवानगी लागते. जोळीच्या काळी उघाडीसमोरचा गाळ पावसाच्या आधी निघायचा, दरसाल. तिवराचं रोप उघाडीच्या तोंडाशी झाड होईपर्यंत वाढू द्यायला गावाला कधी फुरसतच नव्हती.