कडू फूल आणि गोड उधारी

अमेरिकेतल्या भाच्याला घरी बिअर करायची हुक्की आली. तिथं १९७८च्या कायद्यानं तशी मुभा आहे. आपल्याकडं १९४९चा दारूबंदी कायदा आहे, त्यामुळं परवान्याशिवाय असा प्रयोग केला तर पुढचा पाहुणचार सरकारी. भाच्यानं फोनवर विचारलं, "मामा, हॉप्स कधी घालू?" विचारलं कुणाला, तर राजूरच्या गणपतीच्या छायेत राहणाऱ्या, ताकापलीकडं आंबलेलं काही न चाखलेल्या बी.कॉम. कारकुनाला! म्हटलं, "अरे, दोन दिवस थांब. खातं बघून सांगतो."

हॉप म्हणजे वेलीवरचं हिरवं, शंकूसारखं फूल. गांजाच्याच कुळातलं, पण घराण्याची अब्रू राखली ती यानंच. पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी भुकटी असते, सारी करामत तिची. जवाच्या मोडांचा गोड काढा उकळायला लागताच हॉप्स घातले तर तासाभरात कडूपणा उतरतो, शेवटी घातले तर सुवास राहतो. आमच्या भाषेत, फोडणीतला कढीपत्ता आणि वरून पेरलेली कोथिंबीर. पाच लिटरला आठ-दहा ग्रॅम पुरे. उरलेले हिंगासारखे घट्ट डबीत आणि बर्फाच्या कप्प्यात. हवा लागली की शिळ्या चीजसारखे घाण मारतात.

हा कडूपणा नुसता चवीचा नाही, लोणच्यातल्या मिठासारखा टिकवणारा आहे. बिअर आंबवून नासवणाऱ्या जंतूंना तो रोखतो. लंडनहून केपला वळसा घालून जहाज मुंबईला यायला पाच-सहा महिने लागत, वाटेत विषुववृत्त दोनदा. म्हणून इकडं येणाऱ्या बिअरमध्ये हॉप्स सढळ हातानं, शिवाय पिंपातही सुके टाकलेले. गिऱ्हाईक कोण? छावण्यांतले साहेब. १८०३ साली आमच्याच भागात असईला वेलस्लीनं शिंदे-भोसल्यांना हरवलं, पुढं जालन्यालाही छावणी बसली.

या धंद्यात नाव झालं लंडनजवळच्या बो इथल्या हॉजसनचं. ही बिअर त्यानंच शोधली असं पुष्कळजण ठोकून देतात. पण उष्ण देशासाठी जास्त हॉप्स घालावेत हे इतर बिअरवाल्यांनाही ठाऊक होतं. हॉजसनची भट्टी कंपनीच्या जहाजांच्या गोदीजवळ होती आणि तो कप्तानांना वर्ष-दीड वर्षाची उधारी द्यायचा! माल आज न्या, हिंदुस्थानात विका, परत आलात की पैसे द्या. हे वाचून माझ्यातला कर्जविभाग गहिवरला.

१८२०नंतर हॉजसनच्या वारसांनी उधारी बंद केली, रोखीचा हट्ट धरला, वर स्वतःच माल पाठवू लागले. व्यापारी चिडले. कंपनीचे एक संचालक मार्जोरिबँक्स यांनी १८२२ साली बर्टनच्या सॅम्युएल ऑलसपला गाठून हॉजसनच्या बिअरचा नमुना पुढं ठेवला. ऑलसपच्या माणसानं पहिला घाणा म्हणे चहाच्या किटलीत काढला. दहा वर्षांत कलकत्त्याच्या बाजारात बास आणि ऑलसप हे दोघे बर्टनवाले मिळून हॉजसनच्या पुढं गेले. हॉजसनच्या वसुली खात्यानं मात्र ती बंदी आली त्या वर्षी स्वतःची पाठ नक्कीच थोपटून घेतली असणार.