लालबागच्या राजाचा तराफा १२ तास का थांबला? तिथीवरून भरती ओळखायचं कोळ्यांचं साधं गणित

७ सप्टेंबर २०२५, रविवार. सकाळी आठच्या सुमारास लालबागचा राजा गिरगाव चौपाटीवर पोहोचला. नेहमीप्रमाणे तासाभरात विसर्जन होईल असं सगळ्यांनी धरलं होतं. नवा, मोटारीवर चालणारा मोठा तराफा तयार होता. पण पाणी चढायला लागलं होतं. तराफा लाटांवर हलत राहिला, मूर्ती त्यावर चढेना. शेवटी मूर्ती कित्येक तास पाण्यातच उभी राहिली आणि विसर्जन व्हायला रात्रीचे नऊ वाजले.

त्या दिवशी सोशल मीडियावर शकुन-अपशकुनाच्या गोष्टी जोरात फिरल्या, कारण त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहणही होतं. ग्रहणाचा संबंध खरंच होता, पण अपशकुनाशी नाही, भरतीशी.

मुंबई-कोकणातल्या माणसाला हे लगेच कळतं. नागपूरकराला कोडं पडणं साहजिक आहे. फुटाळा किंवा अंबाझरीचं पाणी पावसाळ्यात वाढतं, उन्हाळ्यात उतरतं. सकाळी जिथे होतं तिथेच ते संध्याकाळी असतं. चंद्राची ओढ तलावावरही असतेच, पण भरती येते ती पृथ्वीच्या वेगवेगळ्या भागांवर ही ओढ कमी-जास्त असल्यामुळे. दोन-चार किलोमीटरच्या तलावात हा फरक जवळपास शून्य. महासागर हजारो किलोमीटर पसरलेला असतो, म्हणून तिथे पाणी हलतं.

पाण्याचं घड्याळ २४ तासांचं नसतं

अरबी समुद्राला आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं लागतात. म्हणजे रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. इथेच पाहुणे फसतात. ‘काल चार वाजता इथे कोरडी वाळू होती’ हे अगदी खरं असतं, पण आठवडाभराने त्याच चार वाजता तिथे डोक्याएवढं पाणी असू शकतं.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळपास एका रेषेत येतात. दोघांची ओढ एकत्र लागते आणि पाणी जास्त चढतं, तसंच जास्त उतरतंही. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराला ही ओढ काटकोनात असते, तेव्हा चढउतार कमी. ती भांगाची भरती. चंद्रग्रहण पौर्णिमेलाच होतं आणि तेव्हा हे तिघे अगदी सरळ रेषेत असतात. त्यामुळे ७ सप्टेंबरला उधाण असणं ठरलेलंच होतं.

सगळीकडे पाणी सारखं चढत नाही. केरळात भरती-ओहोटीतला फरक जेमतेम मीटरभर असतो. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरच्या वर जातं. गुजरातेत भावनगरच्या बाजूला खंभातच्या आखातात ते याच्या दुपटीहून जास्त चढतं, कारण आखात निमुळतं होत जातं आणि पाण्याला पसरायला जागाच उरत नाही. म्हणजे गोव्यात किंवा केरळात पोहून आलेल्याचा अनुभव मुंबईत कामाला येईलच असं नाही.

तिथीची पाऊणपट

कोळी लोकांचं जुनं गणित असं: आजची तिथी घ्या, तिला पाऊणने गुणा, जे उत्तर येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. दुपारी तीनला भरती, पहाटे तीनच्या आसपासही भरती आणि त्यापासून सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेनंतर वद्य प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं.

हेच ७ सप्टेंबरला लावून पाहा. पौर्णिमा, म्हणजे १५. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरती त्या दिवशी दुपारी बाराच्या आधी आलीच होती. मूर्ती चौपाटीवर आली आठला, म्हणजे पाणी चढायला लागून दोन-अडीच तास झाले होते. ओहोटी येणार संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. मूर्ती तराफ्यावर चढली ती दुपारी साडेचारनंतर, पाणी उतरल्यावरच. पुढे पाणी पुन्हा भरू लागलं आणि मग तराफा खोल समुद्राकडे निघाला.

या गणितात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. शिवाय ते मुंबई आणि उत्तर कोकणासाठी आहे, रत्नागिरीकडे भरती थोडी आधी येते. पंचांग हाताशी असेल तर कागद-पेन्सिलही लागत नाही. अचूक वेळ हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी बंदरानुसार भरती-ओहोटीची कोष्टकं काढतो.

होडी पाण्यात लोटायची तर

जड वस्तू तराफ्यावर चढवायला दोन गोष्टी लागतात आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. चढवताना तराफा स्थिर हवा, म्हणजे खाली वाळू किंवा अगदी कमी पाणी. निघताना तो तरंगला पाहिजे, म्हणजे पुरेसं पाणी. मधला वेळ फार थोडा असतो. पंधरा-वीस मिनिटं चुकली तरी डाव हातातून जातो, आणि पुढची संधी दहा-बारा तासांनी.

कोकणात मासेमारीच्या होड्यांचं असंच असतं, फक्त हिशेब दिवसांचा. जून-जुलैच्या मासेमारीबंदीआधी होड्या उधाणाच्या भरतीला शक्य तितक्या वर ओढून शाकारून ठेवतात, म्हणजे पावसाळी लाटा तिथवर पोहोचणार नाहीत. पण मग भांगाचं पाणीही तिथवर पोहोचत नाही. परत समुद्रात लोटायला पुढच्या उधाणाचीच वाट पाहावी लागते. ते चुकलं की जवळपास पंधरवडा गेला. नारळी पौर्णिमेचा मुहूर्त या हिशेबात नेमका बसतो, कारण पौर्णिमा म्हणजे उधाण.

नवखा माणूस आणखी एक चूक करतो, दोरीची. भरतीला होडी धक्क्याला आखूड दोरीने घट्ट बांधली, तर पाणी उतरल्यावर ती लटकते किंवा कलते. ओहोटीला आखूड बांधली, तर पाणी चढताना दोरी तिला खाली ओढून धरते आणि पाणी आत येतं. म्हणून दोरीला ढील लागते.

आणि गाडी?

समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता झाल्यापासून नागपूरहून स्वतःची गाडी घेऊन समुद्राकडे निघणं सोपं झालं. किनाऱ्यावर आल्यावर ती गाडी वाळूत न्यायचा मोह होतोच. ओहोटीनंतर ओली वाळू डांबरासारखी कडक दिसते. पाणी परत येऊ लागलं की तीच वाळू सैल होते, चाक बसतं आणि एक्सलेटर दाबला की आणखी खोल जातं. जून २०२४ मध्ये कच्छमधल्या मुंद्र्याला रीलसाठी पाण्यात घातलेल्या दोन थार अशाच अडकल्या. व्हिडिओ देशभर फिरला आणि पोलिसांनी गुन्हाही नोंदवला.

पाणी अंगावर येतं कसं, हेही लक्षात घेण्यासारखं आहे. सहा तासांत ते एकसारखं चढत नाही. चढ चार मीटरचा धरला तर पहिल्या तासात पाणी जेमतेम ३३ सेंटीमीटर वर येतं. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र दर तासाला सुमारे एक मीटर. कोकणातल्या पसरट पुळणीवर, जिथे ५० मीटर चाललं तर एक मीटर उतार मिळतो, तिथे एक मीटर चढ म्हणजे पाणी तासाभरात ५० मीटर आत. पहिला तास शांत गेला म्हणून सतरंजी पसरून बसणारे याच वेळी धावपळ करताना दिसतात.

अलिबागचा कुलाबा किल्लाही असाच. ओहोटीला लोक चालत जातात, घोडागाड्याही जातात. किल्ला बघण्यात वेळ विसरला तर परतीची वाट पाण्याखाली गेलेली असते. होडी मिळाली तर ठीक, नाहीतर किल्ल्यातच थांबून पुढच्या ओहोटीची वाट पाहायची. कमरेएवढंच पाणी दिसतंय म्हणून चालत निघणं सगळ्यात धोक्याचं, कारण मधल्या भागात ओढ जास्त असते आणि पाणी अजून चढत असतं.

खाडीच्या मुखाशी धोका उलटा, तो ओहोटीचा. आत भरलेलं सगळं पाणी अरुंद तोंडातून बाहेर पडतं आणि पोहणाऱ्याला सोबत नेतं. अशा वेळी किनाऱ्याकडे सरळ पोहत राहिलं तर दम जातो. आधी किनाऱ्याला समांतर पोहून ओढीबाहेर पडायचं, मग वळायचं. कोणी अडकलेलं दिसलं तर ११२ वर फोन करता येतो, आणि समुद्रातल्या बचावासाठी तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे.