उघडें कुलूप, गुप्त किल्ली

श्रोतेहो, लहानपणीं आपणांपैकीं बहुतेकांनीं 'च'ची भाषा बोलून पाहिली असेल. दोघी बहिणींनीं शब्दाशब्दांत 'च' घालून वडील मंडळींच्या देखत खलबत करावें, आणि आजीनें शांतपणें त्याच भाषेंत उत्तर द्यावें, असा प्रसंग पुष्कळ घरांत घडतो. त्या भाषेचें सारें बळ तिची रीत इतरांस ठाऊक नसण्यांत असतें. रीत कळली कीं बळ संपलें. या दुबळेपणावर मनुष्यानें काय उपाय शोधिला, हें आज सांगावयाचें आहे. कारण संगणकावरून आणि खिशांतल्या फोनवरून होणारे आपले पैशांचे व्यवहार त्याच उपायावर विसंबून आहेत.

नवव्या शतकांत बगदाद येथें अल्-किंदी हा तत्त्वज्ञ होऊन गेला. त्यानें गुप्त लेख उलगडण्यावर एक ग्रंथ लिहिला. प्रत्येक भाषेंत कांहीं अक्षरें वारंवार येतात, कांहीं क्वचित्. एका अक्षराच्या जागीं दुसरें योजिलें तरी भाषेचा हा स्वभाव लपत नाहीं. तेव्हां अक्षरें मोजा, म्हणजे लेख आपोआप बोलूं लागेल, असें त्यानें दाखविलें. हिकमतीचा विषय येथें मोजमापाचा झाला.

पुढें तारायंत्र आलें आणि सैन्याचे निरोप असंख्य हातांतून जाऊं लागले. दोघांचें गुपित राहील, सैन्याचें कसें राहावें? हॉलंडांत जन्मलेल्या ऑग्यूस्त केर्कहॉफ्स या पॅरिसमधील भाषाध्यापकानें १८८३ सालीं याचें उत्तर दिलें. पद्धति शत्रूच्या हातीं पडली तरी अडचण येतां कामा नये, असा त्याच्या एका नियमाचा आशय होता. कुलुपाची रचना जगानें खुशाल पाहावी. गुप्त राहावी ती किल्ली, आणि ती वाटेल तेव्हां बदलतां यावी. १९३२ सालीं पोलंडच्या मारियान रेयेव्स्की या गणितज्ञानें हेरानें मिळविलेले कागद आणि गणित यांच्या जोरावर जर्मन सैन्याच्या 'एनिग्मा' यंत्राची अंतर्रचना ताडली, तेव्हां त्या नियमाचें मोल प्रत्ययास आलें.

१९४९ सालीं अमेरिकेंत क्लॉड शॅनन यानें या शास्त्रास गणिताचा पाया घातला. शत्रूस यंत्र ठाऊक आहे असेंच तो धरून चालला. किल्ली निरोपाइतकी लांब, पूर्णपणें यदृच्छेनें निवडलेली आणि एकदांच वापरलेली असेल, तर लेख कोणासही उलगडणार नाहीं, हें त्यानें सिद्ध केलें. परंतु प्रत्येक निरोपासाठीं तेवढीच लांब किल्ली आधीं पोंचविणें व्यवहारांत कठीण. म्हणून जगास दुसऱ्या मार्गानें जावें लागलें: लेख उलगडणें अशक्य नसेल, पण त्यास लागणारे श्रम आवांक्याबाहेरचे असावेत.

१९७७ सालीं रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनीं असें कुलूप बनविलें. दोन मोठ्या मूळसंख्यांचा गुणाकार सोपा. गुणाकारावरून त्या संख्या हुडकणें दुष्कर. त्यांनीं १२९ अंकी संख्या आणि तिनें झांकलेला निरोप एका मासिकांत छापवून उलगडणारास शंभर डॉलर बक्षीस लाविलें. या कामास चार कोटी अब्ज वर्षें लागतील, असा अंदाज तेथें दिला होता. प्रत्यक्षांत सतराच वर्षें लोटलीं! १९९४ सालीं सुमारें सहाशें स्वयंसेवकांनीं आपापले संगणक जोडून ती संख्या फोडली.

यांत शास्त्राचा पराभव झाला काय? मला तसें वाटत नाहीं. आव्हान उघड्यावर दिलें, म्हणूनच चूक उघड्यावर कळली, आणि पुढें याहून कितीतरी मोठ्या संख्या योजण्यांत आल्या. मोठ्या संख्येचे अवयव पाडणें खरोखरच दुष्कर आहे, याची सिद्धता मात्र आजही कोणापाशीं नाहीं. पुष्कळ शहाण्यांनीं प्रयत्न केला आणि तें अद्याप साधलें नाहीं, एवढेंच म्हणतां येतें. कार्ल पॉपर या तत्त्वज्ञानें शास्त्रीय सिद्धान्ताविषयीं हेंच सांगितलें: तो खोडून काढण्याच्या कसोटींतून जितका टिकतो, तितकाच त्याचा मान.

म्हणून, श्रोतेहो, "आमची पद्धत कोणासच ठाऊक नाहीं, म्हणून ती सुरक्षित," असें कोणी सांगेल तर सावध असावें. घरांत एखादी आजी असतेच!