‘इन’, ‘नियर’ की ‘फ्रॉम’? लोधीखेड्याचा इंग्रजी ठावठिकाणा

गावाचा ठावठिकाणा इंग्रजीत सांगणे वरवर सोपे वाटते. गावाचे नाव, त्यापुढे एक छोटा शब्द आणि मग जिल्हा, नदी किंवा शहर. मराठी माणूस अडतो तो त्या छोट्या शब्दापाशी. आपल्याकडे प्रत्यय नामाला चिकटून येतो आणि एकच प्रत्यय अनेक कामे करतो. इंग्रजीत प्रत्येक कामाला निराळा शब्द लागतो. सीमाभागातील गावांच्या बाबतीत ही निवड केवळ व्याकरणाची राहत नाही. सौंसर तालुक्यातील लोधीखेडा हे त्याचे उत्तम उदाहरण आहे.

प्रथम दिशा पाहू. ‘लोधीखेडा नागपूरच्या उत्तरेला आहे’ आणि ‘पांढुर्णा जिल्हा मध्य प्रदेशाच्या दक्षिणेला आहे’ ही दोन्ही वाक्ये मराठीत निर्दोष आहेत. पण पहिल्या वाक्यातील गाव नागपूरच्या बाहेर आहे, तर दुसऱ्यातील जिल्हा मध्य प्रदेशाच्या आत. मराठीचा ‘ला’ हा भेद दाखवीत नाही. तो ऐकणाऱ्याने समजून घ्यायचा असतो. इंग्रजीत मात्र पहिल्यासाठी ‘टू द नॉर्थ ऑफ’ आणि दुसऱ्यासाठी ‘इन द साउथ ऑफ’ असे वेगळे प्रयोग आहेत. पांढुर्ण्याविषयी ‘टू द साउथ ऑफ मध्य प्रदेश’ असे लिहिले, तर एका शब्दाने अख्खा जिल्हा राज्याबाहेर जातो.

आता ‘इन’ या शब्दाचा इतिहास. हा शब्द सत्तेचा आहे: गाव कोणाच्या अमलात आहे ते तो सांगतो. हा मुलूख आधी देवगडच्या गोंड राज्यात होता. नागपूर शहर वसवणारा बख्त बुलंद हा त्याच देवगडचा राजा आणि ते देवगड आज छिंदवाडा जिल्ह्यात आहे. म्हणजे एके काळी नागपूरचाच पत्ता ‘देवगड राज्यात’ असा होता. अठराव्या शतकात भोसल्यांची सत्ता आली आणि पत्ता उलटला. १८५४ साली इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला. त्याचे इंग्रजी नाव ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस’ हे अनेकवचनी असल्यामुळे ‘इन द’ असे लिहावे लागे. त्या काळच्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये अक्षांश-रेखांशांच्या आधीही ‘सिच्युएटेड इन’ असाच प्रयोग आढळतो. आज तेथे ‘ॲट’ लिहिण्याचा प्रघात आहे.

१९५० साली प्रांताचे नाव मध्य प्रदेश झाले आणि राजधानी नागपूरच राहिली. त्या वर्षी ‘इन मध्य प्रदेश’ हे शब्द नागपूरला आणि लोधीखेड्याला सारखेच लागू होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. लोधीखेड्याच्या पत्त्यात मात्र एक अक्षरही बदलले नाही. ‘इन छिंदवाडा डिस्ट्रिक्ट, मध्य प्रदेश’ हे शब्द तसेच राहिले. त्यांच्यामागची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि शेजारच्या जिल्ह्याची हद्द राज्याची सीमा झाली. शब्द न बदलता अर्थ पालटल्याचे याहून स्पष्ट उदाहरण विरळाच.

हे असे का झाले? राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात सर्वसाधारणपणे जिल्हा हाच घटक धरला. त्याने सुचवलेल्या विदर्भात बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा हे आठ जिल्हे होते, छिंदवाडा नव्हता. सौंसर आणि पांढुर्णा या मराठी टापूंचे भवितव्य ठरले ते ‘इन छिंदवाडा डिस्ट्रिक्ट’ या शब्दांनी. पुढे आंध्र आणि मद्रास यांच्या सीमावादात पाटसकरांनी खेडे हा घटक मानला. घटक बदलला की ‘इन’ची व्याप्तीही बदलते.

‘इन’ सत्ता सांगतो, तर ‘नियर’ व्यवहार सांगतो. लोधीखेड्याहून छिंदवाड्याला जायचे तर सातपुड्याचा घाट चढावा लागतो. सावनेर-नागपूरकडे सपाट मुलूख आहे. म्हणून ‘नियर नागपूर’ म्हणणे भूगोलाला धरून आहे. ‘ऑन’ हा रेषेचा शब्द: नदी, रस्ता, लोहमार्ग. पांढुर्णा ‘ऑन द जाम रिव्हर’, लोधीखेडा ‘ऑन द नागपूर–छिंदवाडा लाइन’. मात्र ‘ऑन द बॉर्डर’ हे ज्या खेड्यांची शीव सीमेला भिडते त्यांनाच शोभते. लोधीखेड्यासाठी ‘नियर द बॉर्डर’ हेच योग्य.

सर्वांत जपून वापरायचा शब्द ‘फ्रॉम’. अर्जात किंवा निवेदनात ‘मराठी स्पीकर्स फ्रॉम महाराष्ट्र’ असे लिहिले की वाचणारा अधिकारी आपल्याला बाहेरून आलेले समजतो. १९५६ साली लोधीखेड्यातील मराठी माणसांनी घर सोडले नव्हते. राज्याची सीमा त्यांच्या दाराजवळ आली. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५० क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे असे सांगतो. ती मागणी पाहुण्याने करायची नसून रहिवाशाने करायची आहे. म्हणून ‘मराठी स्पीकर्स ऑफ सौंसर अँड पांढुर्णा’ असेच लिहावे.

२०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि ‘इन’पुढचा शब्द पुन्हा बदलला. आजचे नेमके इंग्रजी वाक्य असे होईल: ‘लोधीखेडा इज अ टाउन इन पांढुर्णा डिस्ट्रिक्ट, इन द साउथ ऑफ मध्य प्रदेश, नियर द महाराष्ट्र बॉर्डर.’ यात कोणावर दावा नाही आणि काही लपवलेलेही नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या वाचकांनी आपापल्या गावासाठी असे एक वाक्य तयार ठेवावे. शाळेच्या अर्जात, निवेदनात, नकाशावरच्या नोंदीत ते कामी येईल. आणि आपले गाव कुठे आहे हे दुसऱ्याने चुकीचे सांगण्याआधी आपणच बरोबर सांगितलेले असेल.