दृष्टिचेतेचा आघात आणि शस्त्रक्रिया
भुवईवर मार बसल्यावर डोळा शाबूत असूनही नजर जाऊ शकते, ही नोंद हिपोक्रेटिसच्या परंपरेतील ग्रंथांइतकी जुनी आहे. दृष्टिचेता सुमारे १० मिलिमीटर लांबीच्या हाडाच्या नलिकेतून मेंदूकडे जाते. तिथे सूज आली तर हाड जागा देत नाही. म्हणून नलिका उघडून चेता मोकळी करायची. आधी कवटी उघडून, पुढे नाकातून दुर्बिणीने. अभियंत्याला हा तर्क लगेच पटतो, मलाही पटला होता.

१९९९ मध्ये १३३ रुग्णांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. ठरली होती यादृच्छिक चाचणी. पुरेसे रुग्ण न मिळाल्याने फक्त निरीक्षण उरले. शस्त्रक्रिया किंवा स्टेरॉइड यांचा स्पष्ट फायदा दिसला नाही. उपचार न घेतलेले मोजकेच होते, पण त्यांतल्याही काहींची नजर सुधारली होती.