लोकसंख्या व स्थलांतर (शालेय भूगोल)

लोकसंख्या व स्थलांतर हा माध्यमिक शाळेच्या भूगोल विषयातील एक घटक आहे. एखाद्या प्रदेशात किती लोक राहतात, ते कसे विखुरलेले आहेत, त्यांची वय व लिंग यांनुसार रचना कशी आहे आणि ते एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी का जातात, याचा अभ्यास त्यात केला जातो. महाराष्ट्रात बालभारतीच्या इयत्ता आठवी व दहावीच्या भूगोलात लोकसंख्येवर स्वतंत्र पाठ आहेत. दहावीत भारत व ब्राझील या देशांची तुलना केलेली आहे.

मूलभूत संकल्पना

जन्म, मृत्यू व स्थलांतर या तीन कारणांनी लोकसंख्या बदलते. दर चौरस किलोमीटरमधील व्यक्तींची संख्या म्हणजे घनता होय. घनता ही सरासरी असल्याने तिच्यामागील विषमता झाकली जाते. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची घनता ३६५ होती. परंतु मुंबई उपनगर जिल्ह्याची सुमारे २१,००० आणि गडचिरोलीची केवळ ७४ होती.

स्थलांतराच्या नियमांची पहिली मांडणी ई. जी. रॅव्हेनस्टाइन यांनी १८८५ मध्ये केली. एव्हरेट ली यांनी १९६६ मध्ये मूळ ठिकाणाचे घटक, गंतव्य ठिकाणाचे घटक, वाटेतील अडथळे आणि वैयक्तिक परिस्थिती अशी चौकट मांडली. शाळेत शिकवली जाणारी ‘ढकलणारी’ व ‘ओढणारी’ कारणे या विचाराशी निगडित आहेत.

कोकणाचे उदाहरण

२००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांची लोकसंख्या अनुक्रमे सुमारे ४.८ व २.२ टक्क्यांनी घटली. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. राज्याची सरासरी ९२९ होती. याचा अर्थ तेथे मुली अधिक जन्मतात असा नव्हे. रोजगारासाठी पुरुष मुंबई व अन्य शहरांत गेल्याचा हा परिणाम आहे. लिंग गुणोत्तराचा आकडा स्थलांतराशी जोडून वाचावा लागतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

आकडेवारीच्या मर्यादा

जनगणनेत जन्मस्थान व शेवटचे वास्तव्याचे ठिकाण यांवरून स्थलांतरित ठरवले जातात. २०११ मध्ये देशात अशा व्यक्ती सुमारे ४५ कोटी होत्या. त्यांत स्त्रिया दोनतृतीयांशांहून अधिक असून विवाह हे सर्वांत मोठे कारण होते. ‘आमच्या घरात कोणीही स्थलांतरित नाही’ असे सांगणाऱ्या विद्यार्थ्याची आई किंवा आजी बहुधा या गणनेत स्थलांतरित असते.

याउलट, दरवर्षी ये-जा करणारे लोक दहा वर्षांतून एकदा होणाऱ्या गणनेत नीट टिपले जात नाहीत. म्हणून राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६४व्या फेरीत (२००७-०८) वर्षभरात एक महिना ते सहा महिन्यांपेक्षा कमी काळ कामासाठी बाहेर राहणाऱ्यांची वेगळी नोंद घेण्यात आली. २०२१ची जनगणना कोविड-१९ साथीमुळे पुढे ढकलली गेल्याने पाठ्यपुस्तकांतील आकडे २०११चेच राहिले.

अध्यापन

लोकसंख्या मनोरा, घनतादर्शक नकाशा व प्रवाहरेषांचा नकाशा ही या घटकाची प्रमुख साधने आहेत. कुटुंबातील तीन पिढ्यांची जन्मस्थाने जिल्ह्याच्या नकाशावर बाणांनी दाखवणे हा सोपा उपक्रम आहे. त्यात माहिती देणे ऐच्छिक ठेवणे इष्ट. आर्थिक स्थिती वा जात यांविषयी वर्गासमोर विचारणा टाळावी.

बीडसह मराठवाड्यातील अनेक गावांत हा विषय प्रत्यक्ष वर्गातच उपस्थित असतो. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. सोबत गेलेल्या मुलांची शाळा त्या काळात खंडित होते. त्यासाठी गावातच हंगामी वसतिगृहे आणि कारखान्यांच्या परिसरात साखर शाळा हे उपाय योजले गेले. ज्या महिन्यांत हजेरीपत्रकावर ही नावे गैरहजर दिसतात, त्याच महिन्यांत स्थलांतराचा पाठ शिकवला गेला, तर ज्यांना तो अनुभवाने ठाऊक आहे, तेच विद्यार्थी त्याला मुकतात. वार्षिक नियोजनात हा पाठ हंगामापूर्वी घेणे म्हणूनच उपयुक्त ठरते.