हायब्रिड मोटारीतील जोड प्लग-इन बॅटरी संच

कारखान्यातून हायब्रिड म्हणून आलेल्या मोटारीत मागाहून बसवलेली, घरच्या विजेवर चार्ज होणारी जादा बॅटरी आणि तिच्यासोबतची नियंत्रक यंत्रणा. साध्या हायब्रिडमध्ये इंजिन आणि विद्युत मोटर अशी दोन्ही असतात, पण तिची बॅटरी प्लगला जोडता येत नाही. ती इंजिनाच्या जनित्रावर आणि ब्रेक लावताना परत मिळणाऱ्या ऊर्जेवर भरते. म्हणजे गाडी विजेवर चालली तरी ती वीज मुळात पेट्रोलमधूनच आलेली असते. जोड संचामुळे त्यातला काही भाग महावितरणच्या विजेवर किंवा छतावरच्या सौर पॅनेलवर भागवता येतो.

रचना व कार्य : हायब्रिडची मूळ बॅटरी लहान असते. टोयोटा प्रियसच्या दुसऱ्या पिढीत ती सुमारे १.३ किलोवॉट-तासांची (युनिटांची) निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी होती. भारतातील मारुती ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिड प्रकारात ती ०.७६ किलोवॉट-तासांची लिथियम-आयन बॅटरी आहे. एवढ्या साठ्यावर गाडी सलग एक-दोन किलोमीटर, फार तर थोडी अधिक चालते. जोड संचात साधारण २ ते ५ किलोवॉट-तासांची बॅटरी, घरगुती सॉकेटवर चालणारा चार्जर, बॅटरीतील प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारी व्यवस्थापन प्रणाली (बीएमएस), फ्यूज आणि संपर्कक असतात.

संच बसवण्याच्या दोन पद्धती प्रचारात आल्या. पहिलीत मूळ बॅटरी काढून मोठी बसवतात किंवा मोठी बॅटरी तिला समांतर जोडतात. दुसरीत कमी दाबाची वेगळी बॅटरी डिकीत ठेवून डीसी-डीसी कन्व्हर्टरने तिचा दाब वाढवतात व मूळ बॅटरी सतत भरती ठेवतात. बॅटरी भरलेली दिसली की गाडीचा संगणक मोटरला अधिक काम देतो आणि इंजिन कमी वेळ चालवतो. दुसरी पद्धत स्वस्त, पण कन्व्हर्टरची शक्ती मर्यादित असते. चढावर किंवा जोरात पिकअप घेताना इंजिन सुरू होतेच. शिवाय मूळ गाडीच्याही मर्यादा आड येतात. दुसऱ्या पिढीतील प्रियसमध्ये ताशी सुमारे ६८ किलोमीटरच्या वर इंजिन फिरते ठेवावेच लागते, मग बॅटरी कितीही मोठी असो. त्यामुळे असे संच बसवलेली गाडी ‘निव्वळ विजेवर’ क्वचितच चालते. पेट्रोल आणि वीज मिळून चालणे हीच तिची नेहमीची स्थिती.

इतिहास : प्रियस १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीस आली. उत्पादक प्लग देत नाहीत म्हणून अमेरिकेतील हौशी अभियंत्यांनी तो स्वतः बसवायला घेतला. कॅलिफोर्नियातील ‘कॅलकार्स’ या गटाने २००४ मध्ये शिसे-आम्ल बॅटऱ्या वापरून प्रियसचे पहिले गाजलेले परिवर्तन केले. पुढे हायमोशन या कॅनडातील कंपनीने ५ किलोवॉट-तासांचा लिथियम संच तयार केला. २००७ मध्ये ती कंपनी ए१२३ सिस्टिम्सने विकत घेतली. बसवणीसह हा संच सुमारे १०,००० डॉलरना पडे. एंजिनरसारख्या कंपन्यांनी कन्व्हर्टर पद्धतीचे त्याहून पुष्कळ स्वस्त संच विकले. २०१० च्या अखेरीस शेव्हरोले व्होल्ट आणि २०१२ मध्ये खुद्द टोयोटाची ४.४ किलोवॉट-तासांची प्लग-इन प्रियस बाजारात आली, तशी जोड संचांची मागणी ओसरली.

महाराष्ट्रातील प्रयत्न : भारतात या कल्पनेने वेगळे वळण घेतले. येथे हायब्रिड मोटारी नगण्य होत्या. म्हणून पुण्यातील केपीआयटी कमिन्स इन्फोसिस्टिम्सने साध्या पेट्रोल-डिझेल मोटारीलाच प्लग-इन हायब्रिड करणारा ‘रेव्होलो’ हा संच विकसित केला व २०१० मध्ये जाहीर केला. त्याच्या उत्पादनासाठी भारत फोर्जबरोबर संयुक्त कंपनी स्थापण्यात आली. रेव्होलोमध्ये विद्युत मोटर पट्ट्याच्या साहाय्याने इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या पुलीला जोडलेली असे. बॅटरी डिकीत बसे आणि घरच्या प्लगवर भरे. इंजिन जिथे सर्वांत अधिक पेट्रोल खाते, म्हणजे सिग्नलवरून निघताना आणि गर्दीत हळू चालताना, तिथे मोटर त्याचा भार उचलत असे. इंधन-कार्यक्षमतेत एक तृतीयांशाहून अधिक वाढ होते, असे कंपनीचे म्हणणे होते. किंमत ६५,००० ते दीड लाख रुपयांच्या दरम्यान राहील, असे त्या वेळी सांगण्यात आले.

मात्र रस्त्यावरच्या गाडीत असा संच बसवण्यासाठी तेव्हा देशात नियमच नव्हते. एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘फेम’ योजनेत रेट्रोफिट संचांना अनुदानात स्थान मिळाले आणि २०१६ मध्ये नियमही आले. तोवर कंपनीचे लक्ष बसगाड्यांच्या विद्युतीकरणाकडे वळले होते. २०१५ च्या अखेरीस संसदेच्या आवारात खासदारांसाठी दाखल झालेल्या विद्युत बसमागे केपीआयटीचेच तंत्रज्ञान होते. खासगी मोटारींच्या बाजारात रेव्होलो रुजला नाही.

कायदा व मान्यता : मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल गाडीत करता येत नाही. बॅटरी, सीएनजी, एलपीजी यांसारख्या ऊर्जास्रोतांवर गाडी चालवण्यासाठी परिवर्तन संच बसवण्यास त्याच कलमात सशर्त मुभा आहे. बदल केल्यावर १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवावे लागते. हायब्रिड व विद्युत संचांसाठी एआयएस-१२३ हे मानक लागू आहे. मान्यता सुट्या बॅटरीला मिळत नाही. ठरावीक वर्गातील गाडीसाठी तपासलेल्या संपूर्ण संचाला मिळते, आणि तो अधिकृत केंद्रातच बसवावा लागतो. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) ही अशी चाचणी करणारी प्रमुख संस्था आहे.

या नियमांचा रोख साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर आहे. कारखान्यातून आलेल्या हायब्रिडच्या उच्चदाब यंत्रणेत बाहेरची बॅटरी जोडणे हे त्यांच्या चौकटीत सहज बसत नाही. नाशिकमधील मोटारमालकाला हा व्यवहार सीएनजी संचावरून ओळखीचा आहे: मान्यताप्राप्त संच, अधिकृत बसवणी, एमएच-१५ च्या कार्यालयात तपासणी आणि आर.सी. बुकात नोंद. यांपैकी काही राहिले तर अपघातानंतर विम्याचा दावा अडचणीत येतो. मारुती व टोयोटा स्ट्राँग हायब्रिडच्या बॅटरीवर देत असलेली ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमीही मूळ यंत्रणेला हात लावल्यास धोक्यात येते.

नाशिकच्या संदर्भात उपयुक्तता : सातपूर, अंबड, सिडको, नाशिकरोड या भागांतील रोजची ये-जा बहुतेकांची २०-३० किलोमीटरांत आटोपते. चार युनिटांच्या संचाला हे अंतर अनुकूल आहे. रोज रात्री संच पूर्ण भरला आणि दिवसा पूर्ण वापरला तर सुमारे २५ किलोमीटरांचे, म्हणजे लिटरला २१ किलोमीटर ॲव्हरेज देणाऱ्या हायब्रिडमध्ये सुमारे १.२ लिटर पेट्रोल वाचते. चार्जिंगमधील गळती धरून सुमारे साडेचार युनिटे वीज लागते. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि वीज १० रुपये युनिट मानली तर १२६ रुपयांच्या जागी ४५ रुपये खर्च होतात. दिवसाला सुमारे ८० रुपये, वर्षातल्या ३०० दिवसांत सुमारे २४,००० रुपये. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या साध्या गाडीत तेवढ्याच विजेने सुमारे १.७ लिटर पेट्रोल वाचले असते. हायब्रिड आधीच काटकसरी असल्याने तिच्यात जोड संचाचा लाभ सर्वांत कमी पडतो. रेव्होलोने साधी गाडी निवडण्यामागचे गणितही याच दिशेचे होते.

कार्बन उत्सर्जनाचा हिशेबही असाच बेताचा आहे. भारतीय ग्रिडमध्ये एका युनिटामागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. नाशिकजवळच्या एकलहरे येथील केंद्रासारखी कोळशावरची केंद्रे हे त्याचे कारण. साडेचार युनिटांमागे सुमारे ३.२ किलो आणि वाचलेल्या १.२ लिटर पेट्रोलमागे सुमारे २.८ किलो, पेट्रोल शुद्ध करून पंपापर्यंत आणण्याचे उत्सर्जन त्यात मिळवले तर जेमतेम बरोबरी होते. शहरातला धूर कमी होतो, एकूण उत्सर्जन फारसे घटत नाही. छतावरच्या सौर विजेवर दिवसा चार्जिंग झाले तर चित्र पालटते.

मुंबईकडे जाताना कसारा घाटाचा प्रश्न येतो. इगतपुरी ते कसारा या टप्प्यात रस्ता सुमारे ३०० मीटर उतरतो. प्रवाशांसह १,४०० किलोच्या गाडीची एवढ्या उंचीची स्थितिज ऊर्जा सुमारे १.१ युनिट भरते. तिचा मोठा वाटा टायर व हवेचा रोध खातो. उरलेली ऊर्जा साठवताना मूळ बॅटरी उतार संपण्याआधीच भरते आणि पुढे वेग आवरण्याचे काम इंजिनावर व ब्रेकवर पडते. मोठी बॅटरी समांतर जोडली असेल तर ही ऊर्जा तिच्यात साठते. कन्व्हर्टर पद्धतीच्या संचात मात्र वीज सहसा एकाच दिशेने, जोड बॅटरीकडून मूळ बॅटरीकडे वाहते, त्यामुळे उताराचा फायदा मिळत नाही.

सुरक्षा : हायब्रिडच्या मुख्य वायरिंगमध्ये सुमारे २०० व्होल्टचा एकदिश दाब असतो व तो प्राणघातक ठरू शकतो. नारिंगी आवरणाच्या या वायरी नेहमीच्या गॅरेजमध्ये उघडण्याजोग्या नाहीत. २००८ मध्ये अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिनात प्लग-इन परिवर्तन केलेल्या प्रियसने चालत असताना पेट घेतला. बॅटरीतील जोडांचे बोल्ट नीट न आवळल्याने तिथे उष्णता वाढली, असे तपासणीत आढळले. डिकीतील जादा वजनामुळे मागच्या सस्पेन्शनवर भार येतो. उन्हाळ्यात बंद डिकीतील तापमानाने सेलचे आयुष्य घटते. चार्जिंगसाठी घरात अर्थिंग असलेले १५ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट लागते.

सद्यःस्थिती : लिथियम बॅटरीच्या किमती उतरल्या, तसा रेट्रोफिटचा ओघ जोड बॅटरीकडून पूर्ण परिवर्तनाकडे गेला. पुण्यातील नॉर्थवे मोटरस्पोर्टसारख्या कंपन्यांनी इंजिन काढून गाडी संपूर्ण विद्युत करणारे संच विकसित केले. महाराष्ट्राच्या २०२१ च्या विद्युत वाहन धोरणानेही नाशिकसह निवडक शहरांसाठी संपूर्ण विद्युत वाहनांचीच उद्दिष्टे ठेवली. प्लग हवा असलेल्या ग्राहकापुढे आता कारखान्यातूनच तशी आलेली गाडी आहे. जुन्या साध्या गाडीसाठी मान्यताप्राप्त पूर्ण परिवर्तनाचा मार्ग आहे. स्ट्राँग हायब्रिड मात्र ग्राहक उत्पादकाने दिली तशीच वापरतात. तिच्यातील जोड प्लग-इन संच मुख्यत्वे २००४ ते २०१२ या काळातील संक्रमणाचे तंत्रज्ञान म्हणून नोंदला जातो.